थांब म्हणायचं नाही

३ मार्च

दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, भीती वाटली की लिहून काढायची, म्हणजे डोक्यातून कागदावर जाते. मी म्हटलं, बाई, मी दहावीच्या आधीच शाळा सोडली, माझं अक्षर बघून कागदच घाबरेल. ती हसली. मी हसत नव्हते. पण ही डायरी बियाण्याच्या दुकानात फुकट मिळाली, दर पानावर एक बैल आहे, तर म्हटलं लिहू.

मी डार्सी. वय बावीस. मुलगी हॅटी, दीड वर्षाची. ती झाल्यापासून मला सगळ्याची भीती वाटते. द्राक्षांची, जिन्याची, ती झोपली की झोपेची. नवरा क्लेटन, गव्हाच्या कोठारावर कामाला. त्याला कशाचीच भीती वाटत नाही, कारण तो विचारच करत नाही.

आज त्याने होडी आणली.

कॅन्ससमध्ये. समुद्र तिकडे हजार मैलांवर, आणि हा होडी घेऊन येतो. ती पण धड एक नाही. दोन बारक्या होड्या शेजारी शेजारी, मध्ये जाळी ताणलेली, बसायचं त्या जाळीवर. कॅटामरान म्हणे. मी तिला दोन पोटांची म्हणते. तळ्यावरच्या क्लबात सगळ्यांकडे असल्याच आहेत.

सासूबाई दारात आल्या, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "क्लेटन, गिटार कुठंय रे? आणि ते मधमाशांचे खोके? हीपण तिथंच ठेव त्यांच्या शेजारी." आणि गेल्या. व्हर्नाबाईंचं आणि माझं एवढ्या एका बाबतीत जमतं.

१० मार्च

होडी पाण्यात घालणं म्हणजे काय ते आज कळलं. अंगणातच करून बघितलं.

होडी ट्रेलरवर बांधून न्यायची. शिडाची डोलकाठी आडवी, होडीच्या वर. सव्वीस फूट लांब, ॲल्युमिनियमची, मागे बाहेर येते म्हणून तिला लाल फडकं बांधायचं. तळ्यावर पोचलं की पट्टे सोडायचे, डोलकाठीचा पाय खाचेत अडकवायचा, तिला ताणून धरणाऱ्या डाव्या-उजव्या तारा लावायच्या, मग एकाने ती खांद्यावर घेऊन उचलत उचलत पुढे चालायचं आणि दुसऱ्याने पुढची तार ओढायची. उभी राहिली की पुढच्या तारेत पिन घालायची. पिनेत बारकी कडी. कडी निघाली की पिन निघते, पिन निघाली की तार सुटते, तार सुटली की सव्वीस फुटांचा दांडा कोणाच्या तरी डोक्यात.

पिन लावायचं काम माझं. दुसऱ्या कोणाला एवढी बारकी बोटं नाहीत म्हणे. बोटांचं कौतुक आणि बाकी सगळं गाढवाचं ओझं.

कडी लावली तरी मला चैन पडेना. मी वरून चिकटपट्टी गुंडाळली.

"हे काय?" क्लेटन म्हणाला.

"कडी निघू नये म्हणून."

"निघत नाही ती. चाळीस सेकंद घालवलेस."

चाळीस सेकंद! हा माणूस आंघोळीला पाऊण तास घेतो.

एकूण वेळ लागला अठ्ठावन्न मिनिटं. त्याने खडूने गॅरेजच्या दारावर लिहून ठेवला.

१६ मार्च

आता कळलं खडू कशासाठी. अठरा मेला तळ्यावर हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी क्लबात शर्यत असते. शिडाची नाही हं, ती नंतर. ही असते ट्रेलर उघडण्यापासून होडी पाण्याला लागेपर्यंत कोण आधी. म्हणजे सामान कोण आधी काढतो याची शर्यत. मोठी माणसं, दाढ्या आलेली. बक्षीस काय, तर सोनेरी रंग मारलेली संडासाची सीट. ती वर्षभर घरात भिंतीवर लावायची. गार्थ नावाचा एक आहे, त्याच्या घरी चार वर्षं ती लागलीय.

मी विचारलं, "जिंकून काय मिळणार?"

क्लेटन म्हणाला, "एक गोष्ट तरी पुरी केली म्हणायला मिळेल. आईला दाखवेन."

मी म्हटलं, बरं, करू. लगेच ओठ चावला, कारण त्याची दया आली की मी त्याचं ऐकते.

२४ मार्च

सत्तेचाळीस मिनिटं. त्यातली वीस मिनिटं वस्तू शोधण्यात. "डार्सी, लाल दोरी कुठंय? डार्सी, तो खटका कुठंय?" क्लेटनने यादी केली होती, दोन पानं. यादी वाऱ्याने उडाली. यादी शोधण्यात आणखी पाच.

३१ मार्च

हॅटीच्या लंगोटांसाठी मी दाराला कप्प्यांचं कापड टांगलंय, तसंच एक होडीसाठी शिवलं. जुन्या जीन्सचे बारा खिसे, जो आधी लागतो तो वर, नंतरचा खाली. मला वाचायला वेळ लागतो म्हणून प्रत्येकावर चित्र काढलं. दोरीचं चित्र, पिनेचं चित्र. डाव्या तारेला लाल पट्टी, उजवीला हिरवी. आणि घरी परत निघताना उलट्या क्रमाने भरायचं, म्हणजे पुढच्या वेळी आपोआप सरळ निघतं. त्यात काय अक्कल लागते? चिमटे ठेवतो तसंच.

क्लेटन खूष. छत्तीस मिनिटं. शेजाऱ्याला सांगत होता, "सरावाने जमतं हो." हो, सरावानेच.

६ एप्रिल

पहिल्यांदा खऱ्या तळ्यावर गेलो. वारा असा की हॅटीची टोपी ओक्लाहोमात गेली असेल.

तिथली पद्धत अशी. पाण्यात उतरायचा उतार अरुंद, एका वेळी एकच गाडी. म्हणून सगळे वरच्या खडीच्या मैदानात डोलकाठी उभी करतात, आणि मग उभ्या डोलकाठीसकट ट्रेलर ओढत दोनशे पावलं खाली उताराकडे जातात. बघायला देवळाचं शिखर चालल्यासारखं.

गार्थ भेटला. पोट पुढे, बायको नोरीन मागे. मला बघून म्हणाला, "ही तुझी टीम का रे क्लेटन? जपून, वाऱ्याने उडेल."

निघताना मला ट्रेलरखाली आग दिसली. मी ओरडले, "थांब! थांब!" क्लेटनने करकचून गाडी थांबवली, मागचा गार्थ जवळजवळ आम्हाला धडकला. आग नव्हती. लाल फडकं सुटून चाकाशी लोळत होतं.

सगळं मैदान हसलं. गार्थ म्हणाला, "क्लेटन, तुझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक पायाखाली आणि एक शेजारी!"

तेव्हापासून माझं नाव ब्रेक. "आली बघा ब्रेक." नोरीनसुद्धा म्हणते. नोरीन, जी सहा महिने उलटा टी-शर्ट घालून फिरली तरी तिला कोणी सांगणार नाही.

उताराच्या वाटेवर बर्फाचं सरबत विकणारी लाकडी टपरी आहे. तिच्या शेजारी कोणीतरी भला मोठा खड्डा खणून ठेवलाय. ना फळी, ना दोरी. हॅटी त्यात पडली असती. मी टाइमकीपर मिस्टर टीगना जाऊन सांगितलं. हे म्हातारे, गळ्यात भोंगा घेऊन फिरतात, क्लबाचे सगळ्यात जुने.

"काळजी करू नकोस पोरी," ते म्हणाले, "खड्डा बुजेल. बावीस वर्षं आम्ही याच वाटेने जातोय, कोणाच्या केसालाही धक्का नाही लागला."

बावीस वर्षं. त्यांच्या डोक्यावर धक्का लागायला केस तरी कुठे आहेत.

१२ एप्रिल

रात्रभर हॅटीला ताप. दात. बाकी काही नाही.

२० एप्रिल

परत तळ्यावर. खड्डा बुजला. त्यात खांब उभा केलाय, नुसता. टपरीवाली म्हणाली, "हंगामाला फ्रिज चालू होईल गं, मग खरं गार सरबत. इतकी वर्षं बर्फाच्या पेटीवर काढली." चला, या तळ्यावर एकीला तरी कामाचं काही सुचलं. अठरा मेला मी मोठा ग्लास घेणार, लिंबाचा.

आज पुन्हा दोनदा थांब म्हणाले. एकदा पट्टा लोंबत होता (खरंच लोंबत होता), एकदा मला वाटलं हॅटी गाडीखाली आहे. ती माझ्याच कडेवर होती.

घरी येताना क्लेटन म्हणाला, "डार्सी, शर्यतीत थांब म्हणायचं नाही."

"आणि काही दिसलं तर?"

"तुला नेहमीच काही ना काही दिसतं. मी सांगून ठेवतो, तू थांब म्हणालीस तरी मी थांबणार नाही. बस."

गॅरेजच्या दारावर त्याने तेपण लिहिलं. आकड्यांच्या वर, मोठ्या अक्षरात. थांब म्हणायचं नाही. मला वाचायला वेळ लागला नाही.

२७ एप्रिल

तीस मिनिटं. एक रागाने केलेली गोष्ट सांगते. मी एकटीने पाय खाचेत अडकवला, दोन्ही तारा तपासल्या, पुढची ओढली, पिन, कडी, पट्टी. क्लेटनने फक्त उचललं. त्याला म्हटलं, "तू हमाल आहेस." तो म्हणाला, "आणि तू मुकादम." जेवताना दोघं हसलो. मग मला आठवलं की मला ही होडी आवडत नाही.

५ मे

चिकटपट्टीवरून भांडण. तो म्हणतो, गार्थ पट्टी लावत नाही. मी म्हटलं, गार्थ मोजेसुद्धा बदलत नाही. तो म्हणतो, चाळीस सेकंदांत संडासाची सीट जाईल. शेवटी ठरलं, शर्यतीच्या दिवशी पट्टी नाही. मी हो म्हटलं. पट्टी खिशात ठेवणार आहे.

११ मे

वादळ होतं, तळघरात बसलो. व्हर्नाबाई पण आमच्याकडे. त्यांनी माझं बारा खिशांचं कापड बघितलं, एकेक खिसा उघडून बघितला. "हे क्लेटनने केलं?" म्हटलं नाही. "वाटलंच," म्हणाल्या. मला कळलं नाही ते चांगलं होतं की वाईट. त्यांच्याकडून आलं म्हणजे वाईटच असेल.

१७ मे

उद्या. नर्सबाईंच्या कागदावर सगळी भीती उतरली तर उद्याची ही भीती कुठून येते ते त्यांनीच सांगावं.

१८ मे

सगळं सांगते, पहिल्यापासून.

अकरा होड्या. ऊन असं लख्ख की वर डोळे करवत नव्हते. व्हर्नाबाई खाली उताराजवळ घडीची खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचा डबा. मिस्टर टीगनी भोंगा वाजवला.

मला काही आठवत नाही त्या वीस मिनिटांतलं. हात आपोआप चालत होते. वरचा खिसा, खालचा खिसा, लाल, हिरवी. क्लेटनने उचललं, मी ओढलं, पिन, कडी. पट्टी मी लावली. तो बघत नव्हता. वीस मिनिटं झाली होती आणि आम्ही पहिले होतो. पहिले! गार्थ आमच्या मागे, डोलकाठी उभी करून नुकताच गाडीत चढत होता.

आमची गाडी जुनी, एकच लांब सीट. मध्ये हॅटीची खुर्ची, इकडे मी, तिकडे क्लेटन. खिडक्या उघड्या. तो चालण्याच्या वेगाने निघाला, कारण वरती सव्वीस फूट दांडा झुलतो. टपरी दिसली. टपरीत दिवा लागला होता. मी म्हटलं, अरे, आलं वाटतं फ्रिज.

हॅटीने बोट वर केलं. "पाखू!"

"हो, पाखरू," क्लेटन म्हणाला. त्याने बघितलं नाही.

मी बघितलं. काच जुनी, वाकून बघावं लागतं. काळं पाखरू बसलं होतं. वर, मोकळ्या आभाळात, काहीच नाही तिथे. ते शेपटी हलवत बसलं होतं आणि त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं.

पाखरं हवेवर बसत नाहीत.

मग मला दिसलं. खांबापासून वाटेच्या पलीकडच्या खांबापर्यंत एक बारीक काळी तार. उन्हात केसासारखी. टपरीच्या फ्रिजसाठी ओढलेली वीज.

"थांब!" मी ओरडले.

"नाही!" क्लेटन म्हणाला. दात आवळून. "ठरलंय आपलं!"

"क्लेटन, तार! वर तार!"

"डार्सी, आज नाही!"

आणि त्याने उलट पाय दाबला.

मी हॅटीवरून वाकले आणि किल्ली फिरवून उपसली. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. हॅटी रडायला लागली. क्लेटन माझा हात पकडायला आला. त्याला किल्ली मिळाली असती तर त्याने परत लावली असती, मला माहीत होतं, मी त्याची बायको आहे. मी ती खिडकीतून फेकली. माझा नेम आयुष्यात कधी लागला नाही. शाळेत चेंडू मागे जायचा. किल्ली खडकांवरून थेट तळ्यात.

मला वाटलं क्लेटन आता मारेल, त्याने कधी मारलं नाही तरी. त्याने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागून गार्थचा हॉर्न.

"ब्रेक लागला रे!" गार्थ ओरडला. "बाजूला घ्या ती बाई!"

मैदान हसत होतं. सगळं मैदान.

"वर बघ," मी म्हटलं. "एकदाच बघ. नंतर काय बोलायचं ते बोल."

तो दारातून उतरला. न जाणो गाडीत वीज उतरली असेल, म्हणून तिच्यावर हात न टेकता, उडी मारून, असं त्याला कोणी शिकवलं कोण जाणे. मागे वळला. मान वर केली.

मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. त्याच्या खिशातला खडू खाली पडलेला दिसला. शर्यतीला खडू घेऊन आला होता हा.

डोलकाठीच्या टोकात आणि तारेत एका हाताचं अंतर होतं. हॅटीच्या हाताचं म्हणू या.

तेवढ्यात गार्थ आम्हाला वळसा घालून गवतातून पुढे निघाला. नोरीन खिडकीतून आम्हाला टाटा करत होती. तार गवतावरूनही जात होती, आणि त्याची डोलकाठी आमच्यापेक्षा दोन फूट उंच.

क्लेटन धावला. असा मी त्याला कधी धावताना बघितला नाही. गार्थच्या गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि ओरडला. आवाज फाटला त्याचा.

"थांब! थांब! थांब!"

गार्थने ब्रेक दाबला. "काय रे, तू पण आता?"

क्लेटनने बोट वर केलं.

गार्थने मान बाहेर काढून बघितलं. मग नोरीनने. मग एकेक करून सगळ्या मैदानाने माना वर केल्या आणि हसणं बंद झालं, कोणीतरी रेडिओ बंद करावा तसं. पाखरू उडालं. मिस्टर टीग आले, टोपी काढली, त्या तारेकडे बघत बसले. "बावीस वर्षं," ते म्हणाले. "वर बघायची वेळच आली नाही कधी." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण म्हाताऱ्याच्या हनुवटीला कापरं भरलं होतं.

टपरीवाली ग्लास घेऊन बाहेर आली. "माझ्या फ्रिजसाठी," म्हणत रडत होती. तिचा काय दोष. तिला कोणी सांगितलं असतं तर ना. एवढ्या शहाण्यांपैकी एकानेही.

मग सगळ्या अकरा होड्यांच्या डोलकाठ्या परत खाली. मिस्टर टीगनी स्वतः दोरी बांधून ती वाट बंद केली. आमच्या गाडीला किल्ली नाही, म्हणून ट्रेलर सोडवून माणसांनी हाताने मागे ढकलला, मैदानाला वळसा घालून पलीकडच्या बाजूने, झाडांखालून खाली नेला. एक बाजू गार्थ ढकलत होता. माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी पाण्याशी डोलकाठी परत उभी करताना घाम पुसत म्हणाला, "बाई, पिन तूच लाव. तुझ्या हाताची असली की बरं वाटतं."

मी लावली. मला वाटलं होतं काहीतरी लागट उत्तर देईन, चार तरी तयार होती. त्याऐवजी कडीवर पट्टी गुंडाळली.

होडी पाण्याला लागली. तोपर्यंत शर्यत कोणाला आठवत नव्हती. व्हर्नाबाईंनी सॅलडचा डबा माझ्या हातात दिला. "खा आधी," म्हणाल्या. मग क्लेटनकडे बघून, "पाण्यात उतरवलीस शेवटी." त्यांच्याकडून एवढंच निघतं. पण क्लेटन लाल झाला, कानापर्यंत.

संडासाची सीट या वर्षी कोणालाच नाही. हे एक बरं झालं.

१९ मे

किल्ली शोधायला क्लेटन सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात. गार्थ लोहचुंबक घेऊन आला. दोघं वाद घालतायत की मी किती लांब फेकली असेल. गार्थ म्हणतो तीस फूट, क्लेटन म्हणतो साठ. त्याला अभिमान वाटतोय की काय.

२१ मे

किल्ली मिळाली नाही. नवी केली.

नर्सबाईला फोन केला, म्हटलं लिहून भीती जात नाही. ती म्हणाली किती कमी झाली? म्हटलं काहीच नाही, आता तारांची पण वाटते. ती म्हणाली, लिहीत राहा. तिच्या कागदावर तेवढंच असेल.

संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले. दारावरचं ते मोठ्या अक्षरातलं पुसलंय. नीट नाही, ओल्या फडक्याने, पांढरा डाग तसाच. आणि तीस मिनिटांच्या खाली नवीन लिहिलंय. तीन तास चाळीस मिनिटं. भोवती चौकोन काढलाय, दोनदा गिरवून.

होडी ट्रेलरवर, उद्याच्यासाठी भरून ठेवलेली. उलट्या क्रमाने, बरोबर. पुढच्या तारेच्या कडीवर त्याने चिकटपट्टी गुंडाळली होती. आपणहून. मी सांगितलं नव्हतं.

उलटी गुंडाळली होती, चिकट बाजू बाहेर. चार माश्या लागल्या होत्या तिला.

मी काढली आणि परत गुंडाळली. त्याला सांगितलं नाही.